सतरा नंबरला नऊ मार्क

नोटीस बोर्डावर लागलेलं काहीही कारखान्यात कुणी वाचत नाही, हे आप्पांना पक्कं ठाऊक होतं, कारण त्यातलं निम्मं त्यांनीच टाइप केलेलं असायचं. पण त्या सोमवारची नोटीस त्यांनी तीनदा वाचली. लहान मुलांसाठी नवीन सिरप बनतंय, त्याची चव तपासायला कर्मचाऱ्यांमधून तिघांची आस्वाद समिती नेमायची आहे, इच्छुकांनी लॅबमध्ये नाव द्यावं. अट एकच : जीभ चांगली असावी.

आप्पा म्हणजे औषधाच्या त्या कारखान्यातले डिस्पॅचचे हेडक्लार्क. कुठलं खोकं कुठल्या गाडीत चढलं आणि कुठलं चढायचं राहिलं, एवढंच त्यांचं जग. पण स्वतःच्या जिभेबद्दल त्यांचा फार मोठा समज होता, आणि खरं सांगायचं तर तो अगदीच खोटा नव्हता. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती आणि त्यातलं एकही जेवण ते मुकाट्याने जेवले नव्हते. "मीठ अर्धी चिमूट कमी आहे." "दूध कालचं दिसतंय." "ही भाजी शिजताना तू मधेच झाकण काढून बघितलंस, हो ना?" आणि तिने खरंच काढलेलं असायचं, हे जास्त वाईट.

नोटिशीची बातमी ऐकल्यावर बायको म्हणाली, "द्या, नाव द्याच. लावा एकदा त्या जिभेला कुठेतरी नोकरीला. घरात बसून बसून माझ्या डोक्यावर मिरे वाटतेय ती."

निवडीला बावीस जण आले होते. प्रत्येकापुढे कागदाचे चार पेले. एकात कणभर साखर, एकात कणभर मीठ, एकात काहीतरी कडू आणि एकात नुसतं पाणी. बहुतेकांनी दोन ओळखले. गोदामातल्या एकाने चारही पेले पिऊन टाकले आणि अजून आहे का विचारलं. आप्पांनी चारही बरोबर सांगितले आणि वर म्हणाले, "हे साधं पाणी आहे ना, हे वरच्या टाकीतलं आहे. बाकीची तिन्ही खालच्या नळाची."

लॅबच्या मॅडमनी चौकशी केली. तसंच निघालं.

दुपारपर्यंत कारखानाभर झालं. ज्या माणसाला आजवर लोक 'अहो, ती पावती' एवढ्याच नावाने ओळखत होते, त्याला आता जिन्यात थांबवून विचारायला लागले, "आप्पा, कॅन्टीनच्या चहात नक्की काय असतं हो?" आप्पा डोळे मिटून, थोडं थांबून, सांगायचे. थोडं थांबणं महत्त्वाचं असतं, हे त्यांच्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं.

पण समितीवर बसणं एवढं सोपं नव्हतं. प्रशासन अधिकाऱ्यांनी फाइल अडवली. कर्मचाऱ्याच्या शरीराचा कुठलाही भाग कंपनीच्या कामाला लावायचा तर त्या भागाचं वैद्यकीय प्रमाणपत्र हवं, असा नियम निघाला. जिभेचा फॉर्म कुणाकडेच नव्हता. शेवटी गाडीच्या ड्रायव्हरांसाठीचा डोळ्यांचा फॉर्म घेतला, त्यातला 'दृष्टी' हा शब्द खोडला आणि वर 'जीभ' लिहिलं. कारखान्याचे डॉक्टर म्हणाले, "दाखवा." आप्पांनी दाखवली. डॉक्टर म्हणाले, "आहे," आणि सही केली. 'चष्म्याशिवाय काम करू शकते' हे वाक्य खोडायचं राहून गेलं, ते तसंच फाइलला लागलं.

समितीवर आप्पांखेरीज कॅन्टीनचे मॅनेजर होते आणि टेलिफोनवर बसणाऱ्या ऑपरेटरताई होत्या. मॅडमनी पहिल्याच दिवशी तिघांना समजावून सांगितलं. मॅडम तशा आप्पांच्या मुलीच्या वयाच्या, पण दोन वर्षं त्या या एकाच सिरपमागे होत्या.

"औषध चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "पण रोज घ्यायचं, सहा महिने. आणि इतकं कडू, की पोरं थुंकतात. दुसऱ्या महिन्यात घरचे थकतात आणि औषध बंद होतं. रोग काही बंद होत नाही. म्हणजे सगळं चवीवर येऊन अडलंय. तुम्ही फक्त खरं सांगायचं. बाकी मी बघते."

पद्धत अशी : चमचाभर सिरप तोंडात घ्यायचं, वीस आकडे मोजायचे, थुंकायचं, चूळ भरायची आणि फॉर्म भरायचा. फॉर्ममध्ये दहापैकी मार्क द्यायचे आणि पुढे रकाने होते : पहिला धक्का, मधली चव, मागे राहणारी चव. शेवटी एक छोटा रकाना होता, 'सांगता येत नाही'. हा कच्च्या जिभेच्या लोकांसाठी ठेवलेला असणार असं समजून आप्पांनी त्याच्याकडे पुन्हा बघितलं नाही.

एक नंबरचं सॅम्पल आप्पांनी तोंडात घेतलं आणि चारपर्यंत मोजून त्यांचे आकडे संपले. आपल्याविरुद्धच्या जन्मभराच्या सगळ्या तक्रारी कुणीतरी आपल्याच घशात उभं राहून मोठ्याने वाचून दाखवतंय, असं त्यांना वाटलं. कॅन्टीनचे मॅनेजर तर भिंत धरून उभे राहिले. मग संत्र्याचं आलं, केळ्याचं आलं, चॉकलेटचं आलं. स्ट्रॉबेरीच्या सॅम्पलला आप्पांनी लिहिलं, 'गुलाबी रंगाचा कडू'. मॅडम हसल्या, पण रंग काढून टाकला.

आणि अकरा नंबरच्या वेळी आप्पांनी खरंच एक लाखमोलाची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "मॅडम, हे कडू आहे त्याचं एवढं काही नाही. हे उशिरा कडू लागतं, ते वाईट आहे. आधी गोड लागतं, पोर विश्वासाने गिळतं आणि मग मागून दगा होतो. उद्या ते पोर गोडालासुद्धा तोंड उघडणार नाही."

मॅडमनी मान वर केली. "पुन्हा सांगा," म्हणाल्या, आणि वही ओढून एकेक शब्द लिहून घेतला.

डिस्पॅचमध्ये आप्पा तीस वर्षं दुसऱ्यांचे शब्द उतरवून घेत होते. त्यांचे शब्द कुणी उतरवून घ्यायची ही पहिलीच वेळ. त्या दिवशी घरी जाताना ते एक स्टॉप आधीच उतरले आणि चालत गेले. बसमध्ये बसून राहण्यासारखी मनःस्थिती नव्हती.

सोळा नंबरपर्यंत असं छान चाललं होतं. मग आप्पांना सर्दी झाली.

साधी सर्दी. चार दिवस ताप, नाक चोंदलेलं, घसा धरलेला. पाचव्या दिवशी ताप उतरला, नाक मोकळं झालं. बायकोने चहा आणून दिला. आप्पांनी घोट घेतला आणि सवयीने म्हणाले, "साखर राहिली वाटतं."

"दोन चमचे घातलीय."

आप्पांनी चहा तसाच संपवला. ती आंघोळीला गेल्यावर स्वयंपाकघरात गेले आणि साखरेच्या डब्यातली चिमूट जिभेवर ठेवली. वाळू. मीठ ठेवलं. बारीक वाळू. मिरचीचा तुकडा चावला. जीभ भाजली, डोळ्यांतून पाणी आलं, पण मिरचीची म्हणून जी चव असते ती कुठेच नव्हती. सर्दी गेली होती आणि जाताना घरातलं सामान उचलून नेल्यासारखी चव घेऊन गेली होती. ऑफिसात गेल्यावर त्यांनी शेवटचा उपाय केला. टेबलावरचं पाकीट उचललं आणि डिंक चाटला. त्या डिंकाची चव त्यांना स्वतःच्या नावाइतकी ठाऊक होती. काही नाही. कोरा कागद.

आता हे सरळ सांगून टाकायला काय हरकत होती? काहीच नव्हती. आप्पांनी तसं ठरवलंही होतं. पण जिन्यात दोघांनी विचारलं, "काय आप्पा, जीभ कशी आहे?" आणि आप्पा म्हणाले, "मजेत." एकदा मजेत म्हटल्यावर मग लॅबच्या दारात वेगळं कसं सांगणार? शिवाय दोन दिवसांत चव येईलच. सर्दीचं काय एवढं.

त्याच दिवशी सतरा नंबर होता. मॅडमचे डोळे सुजलेले होते; आठवडाभर त्या धड घरी गेल्या नव्हत्या. "आप्पा, यात मी तुमचं ऐकलंय," त्या म्हणाल्या. "मागून येणारा कडूपणा दाबायचा प्रयत्न केलाय. बघा बरं."

आप्पांनी चमचा तोंडात घेतला. वीस आकडे मोजले. पंचवीस मोजले. काहीतरी दाट आणि ओलं तोंडात आहे, यापलीकडे जिभेकडून काही निरोप आला नाही. त्यांनी थुंकलं, चूळ भरली आणि फॉर्म पुढे ओढला. पहिला धक्का : नाही. मधली चव : सौम्य. मागे राहणारी चव : जवळजवळ शून्य. यातला एकही शब्द खोटा नव्हता, असं ते नंतर कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिले. मार्कांच्या चौकोनापाशी पेन थोडं थांबलं. मग त्यांनी नऊ लिहिले. दहा लिहिणं अप्रामाणिक वाटलं असतं.

कॅन्टीनच्या मॅनेजरांनी तीन दिले होते आणि ऑपरेटरताईंनी चार. मॅडम तिन्ही फॉर्म हातात घेऊन उभ्या राहिल्या. "तीन, चार आणि नऊ?"

ऑपरेटरताई आप्पांकडे बघून कानकोंड्या झाल्या. "आप्पांना नऊ वाटलं का? मग माझंच काहीतरी चुकलं असेल. मी सकाळी लसूण खाल्ला होता." त्यांनी चाराचे सात केले. मॅनेजर म्हणाले, "माझी जीभ काय, दिवसभर कॅन्टीनचंच खाते ती. तिचं काय घेऊन बसलात." त्यांनीही तीन खोडले. आप्पा मधे बोलले नाहीत. म्हणजे तोंड उघडलं होतं, पण मग खोकला आल्यासारखं करून मिटलं.

दोन दिवस गेले, सहा गेले. चव येईना. मग आप्पा वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांकडे गेले. मास्तरांकडे प्रत्येक आजारावर इलाज असतो, आणि तो ते वर्गात शिकवल्यासारखा दोनदा सांगतात.

"माझ्या एका मित्राची चव गेलीय," आप्पा म्हणाले.

"मित्राला किती दिवस झाले?"

"सहा."

"मित्राला म्हणावं, जरा जीभ बाहेर काढ बघू."

आणि आप्पांनी काढली.

मास्तरांनी चष्मा वर करून ती नीट बघितली. या कानाचं त्या कानाला कळू देणार नाही, असं म्हणाले. उपाय असा की नाकाला जुन्या वासांची आठवण करून द्यायची. नाक जागं झालं की जीभ आपोआप उठते. रोज सकाळी डोळे मिटून कापलेला कांदा हुंगायचा, मग साबण, मग बुटाचं पॉलिश, आणि प्रत्येक वेळी मनात म्हणायचं, 'हा कांदा, हा साबण, हे पॉलिश.' संध्याकाळपर्यंत तळमजल्यावरच्या शिंप्याने जिन्यात गाठून हळूच सांगितलं की पॉलिशने काही होत नाही, जिभेवर बर्फ ठेवायचा. पहिल्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी सांगितलं, हे सगळं सोडा आणि नाकाच्या डॉक्टरकडे जा. हा एकच सल्ला शहाणपणाचा होता, म्हणून आप्पांनी तो मनावर घेतला नाही. नाकाचा डॉक्टर कारखान्यातल्या डॉक्टरांचा मित्र होता ना.

एका सकाळी बायको गॅलरीत कपडे वाळत घालायला आली, तर आप्पा डोळे मिटून बुटाच्या पॉलिशची डबी नाकाशी धरून पुटपुटत उभे होते. ती क्षणभर थांबली. मग काही न विचारता त्यांच्या डोक्यावरून टॉवेल वाळत घालून आत गेली.

घरी आणखी एक पंचाईत होती. एकतीस वर्षं जेवणाला नावं ठेवणारा माणूस एकाएकी गप्प जेवायला लागला तर संशय येणार. तेव्हा आप्पांनी नावं ठेवणं चालू ठेवलं, अंदाजाने. सोमवारी मीठ कमी, मंगळवारी जास्त, बुधवारी 'आज जमलंय'. बायको प्रत्येक वेळी "बरं" म्हणायची. पूर्वी ती भांडायची. हा फरक आप्पांच्या लक्षात यायला हवा होता, पण त्यांचं लक्ष जिभेकडे होतं.

इकडे कारखान्यात व्यवस्थापकांची बैठक झाली. खरं तर सिरप बाहेरच्या एका संस्थेकडे पाठवायचं ठरलेलं होतं. तिथे डॉक्टरांच्या देखरेखीखाली मुलंच चव सांगणार होती. त्याला दोन महिने लागणार होते. व्यवस्थापक म्हणाले, "घरात अशी जीभ असताना दारोदार कशाला फिरायचं?" मॅडम म्हणाल्या, "तरीसुद्धा एकदा..." व्यवस्थापक म्हणाले, "आप्पांवर विश्वास नाही का तुमचा?" सगळ्यांनी आप्पांकडे बघितलं. आप्पांनी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघितलं.

सतरा नंबर मंजूर झाला. पहिल्या दोन हजार बाटल्या चाळीस दवाखान्यांना पाठवायच्या ठरल्या. कॅन्टीनमध्ये छोटा समारंभ झाला, आप्पांना मानपत्र दिलं. मानपत्राचा मसुदा टायपिंगला आप्पांकडेच आला होता. त्यातली शुद्धलेखनाची एक चूकसुद्धा त्यांनीच सुधारली. ते स्टेजवर उभे राहिले. समोर मॅडम बसल्या होत्या, कधी नव्हे त्या जरा झोप झालेल्या. आता सांगायचं, आत्ता, असं मनाशी म्हणून आप्पांनी तोंड उघडलं, आणि व्यवस्थापकांनी फोटोसाठी त्यात चमचाभर सतरा नंबर ओतला.

"कसं आहे?"

दीडशे माणसं बघत होती. "वा," आप्पा म्हणाले.

टाळ्या झाल्या. फोटो नोटीस बोर्डावर लागला. कॅन्टीनचे मॅनेजर तेवढे टाळ्या न वाजवता चमच्याकडे बघत होते.

यानंतर बाटल्या पाठवायच्या कुठून? डिस्पॅचमधून. चाळीस खोकी आप्पांच्याच टेबलापुढे येऊन पडली. सत्य सांगायचं धाडस नव्हतं आणि खोकी पाठवायचंही नव्हतं, अशा वेळी माणसाच्या मदतीला नियम धावून येतात. आप्पांनी पहिल्या दिवशी खोक्यांवरचा शिक्का तिरका आहे म्हणून ती परत केली. दुसऱ्या दिवशी पत्त्यात स्वल्पविराम नाही म्हणून. तिसऱ्या दिवशी चलान तीन प्रतींत हवं होतं, दोनच होत्या. चौथ्या दिवशी तिसरी प्रत आली, तर तिच्यावरची सही निळ्या शाईत होती. तीस वर्षांत लोकांनी त्यांना जो छळ करताना पाहिलं होतं, तो त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच चांगल्या हेतूने केला, आणि रोज घरी जाऊन आशेने मीठ चाखलं. पाचव्या दिवशी व्यवस्थापक स्वतः खाली आले, उभ्या उभ्या काळ्या शाईत सही केली आणि गाडी भरून निघून गेली. आप्पांनी नोंदवहीत लिहिलं : 'रवाना'.

त्या रविवारी दुपारी मास्तर वर्तमानपत्र परत करायला आले, तेव्हा आप्पांचं पान वाढलेलं होतं. बायको म्हणाली, "दोन घास खाऊन जा." मास्तर बसले. भाजीचा घास तोंडात घातला आणि चावता चावता थांबले. त्याच वेळी आप्पा सवयीने म्हणाले, "आज मीठ अंमळ सढळ पडलंय."

मास्तरांनी आप्पांकडे बघितलं, मग वहिनींकडे. वहिनींनी न बोलता मिठाची बाटली मास्तरांपुढे सरकवली. मास्तरांना एकाएकी वरचा नळ चालू राहिल्याची आठवण झाली आणि ते हात न धुताच गेले.



"भाजीत मीठ नाहीय," बायको म्हणाली. "आज नाही, काल नव्हतं. तीन आठवडे झाले, मी मीठ घातलेलं नाही."

आप्पांचा हात पानातच राहिला. "तुला कधी कळलं?"

"सर्दी गेल्यावर दुसऱ्या दिवशी. चहात चुकून मीठ पडलं होतं माझ्याकडून. तुम्ही म्हणालात, फक्कड झालाय."

"मग तू... तू काय जेवत होतीस?"

"हेच. माझ्यासाठी वेगळं काढलं असतं तर तुम्हाला कळलं असतं."

"अगं, पण मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर आप्पांना बरं वाटलं असतं. "पहिल्यांदा गंमत वाटली. म्हटलं, आता एक दिवस तरी म्हणतील की मला कळत नाहीय. मग रोज वाटायला लागलं, आज म्हणतील." तिने पान उचललं. "घरातलं जाऊ द्या. ते पोरांचं औषध कुणी चाखलं?"

आप्पांनी मिठाची बाटली उचलून जागेवर ठेवली. एकतीस वर्षांत प्रत्येक घासाला त्यांच्याकडे शब्द होता.

सोमवारी ते लॅबमध्ये गेले आणि दार लावून घेतलं. "मॅडम, सतरा नंबर कसा लागतो, ते मला माहीत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मला काहीच कसं लागतं ते माहीत नाही. सर्दी झाली तेव्हापासून."

मॅडम उठल्या. मग त्यांनी कपाटातून फाइल काढली आणि एक फॉर्म आप्पांपुढे ठेवला. अक्षर मॅडमचं होतं. सतरा नंबरला तीन मार्क दिले होते, आणि त्यावर काट मारलेली होती.

"मीही चाखलं होतं," त्या म्हणाल्या. "मला कडू लागलं. तुमचे नऊ बघितले आणि वाटलं, आपण थकलोय, आपलीच जीभ गेलीय." त्यांनी फॉर्म परत ओढून घेतला. "आप्पा, 'सांगता येत नाही' असा एक रकाना होता त्यात. एवढी एक खूण केली असतीत तरी पुरलं असतं."

त्या ओरडल्या नाहीत. व्यवस्थापक मात्र भरपूर ओरडले, आणि ते त्या मानाने सोपं गेलं. बाटल्या परत मागवायच्या ठरल्या. सिरप बाहेरच्या संस्थेत, मुलांकडे पाठवायचं ठरलं. मॅडमची दोन वर्षं आणखी लांबली. बोर्डावरचा फोटो उतरवला, पण त्याच्या जागी फिका चौकोन राहिला आणि लोक फोटोपेक्षा चौकोनाकडे जास्त बघायला लागले. प्रशासन अधिकाऱ्यांनी सांगितलं की समितीवरून काढायचं तर जीभ निकामी असल्याचं प्रमाणपत्र लागेल. डॉक्टर म्हणाले, "दाखवा." आप्पांनी दाखवली. डॉक्टर म्हणाले, "पण आहे की." ती फाइल अजून अडकलेलीच आहे.

खोकी परत मागवण्याचं काम आप्पांनी मागून घेतलं. एकेका दवाखान्याला स्वतः फोन केला. नंबर जोडून देताना ऑपरेटरताई एक अक्षर बोलत नव्हत्या. एकोणचाळीस दवाखान्यांनी खोकी पाठवतो म्हणून सांगितलं. चाळिसावं मुलांचं रुग्णालय गावातच होतं. तिथली सिस्टर म्हणाली, "आमच्याकडे खोकं बांधायला कुणी रिकामं नाही. तुमचा माणूस पाठवा."

आप्पा स्वतःच गेले.

वॉर्डात दहा-बारा खाटा होत्या. सिस्टर म्हणाली, "थांबा, ही डोसची वेळ आहे," म्हणून ते भिंतीला लागून उभे राहिले. कोपऱ्यातल्या खाटेवर पाचेक वर्षांची एक मुलगी होती. आईने तिचे दोन्ही हात धरले, वॉर्डातल्या मावशीने पाय धरले, सिस्टरने दोन बोटांनी नाक दाबलं आणि तोंड उघडल्याबरोबर चमचा आत सारला. मुलगी ओरडली नाही. तिने सगळं तोंडात धरून ठेवलं, नाक सुटायची वाट बघितली आणि मग नेम धरून थुंकली. निम्मं आईच्या साडीवर गेलं, निम्मं आप्पांच्या शर्टावर. आई तिथेच खाटेच्या कडेला बसली आणि पदराने डोळे पुसायला लागली. "रोजचं आहे हो," ती कुणालाच उद्देशून नाही अशी म्हणाली. "रोज मी हिचे हात धरते. आता ही मला जवळसुद्धा येऊ देत नाही."

सिस्टरने चमचा खणकन ट्रेमध्ये टाकला आणि आप्पांकडे वळली. "तुम्ही कंपनीचे ना? एक विचारू का? हे कुणी चाखून तरी बघता का हो तुम्ही लोक?"

आप्पांना डिस्पॅचची सगळी उत्तरं पाठ होती. संबंधित विभागाकडे चौकशी करतो. आपली तक्रार योग्य ठिकाणी कळवतो.

"मीच चाखलं होतं," ते म्हणाले.

आईने मान वर केली. मुलगीही बघायला लागली. तिने आप्पांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"तुला आवडलं?"

"नाही गं. मला चवच लागली नाही. सर्दीने माझी चव गेली होती."

"मग सांगितलं का नाहीस?"

"लाज वाटली."

हे तिला पटलं नाही, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. तिने जरा विचार केला.

"अजून लागत नाही?"

"नाही."

"काही कडू नाही लागत? खरंच?"

"खरंच."

"मग माझं तूच पी ना," मुलगी म्हणाली.

शेजारच्या खाटेवरची बाई फस्सकन हसली, मग सिस्टर हसली, आणि डोळे पुसता पुसता तिची आईसुद्धा. आप्पाही हसायला गेले, पण त्यांना ते जमलं नाही. त्या जिभेला जन्मात एकच काम खरोखर चांगलं करता आलं असतं, आणि तेवढंच कुणाच्या उपयोगाचं नव्हतं.

त्यांनी एकोणपन्नास बाटल्या मोजून खोक्यात भरल्या, फोडलेली पन्नासावी कागदात गुंडाळून वर ठेवली आणि पावतीवर सही केली. शर्टावरचा डाग आता चिकट झाला होता. दाराशी पोचले, तेव्हा मागून मुलीने हाक मारली.

"ए आजोबा! उद्या ये हं, प्यायला!"

दोन्ही हातांत खोकं होतं, त्यामुळे हात हलवता आला नाही. आणि मागे वळून बघायची हिंमत आप्पांना झाली नाही.